लॅपटॉप नाही? कॉलेजातला संगणक हाताशी कसा घ्यायचा

दर वर्षी प्रवेश आटोपले की आमच्या लॅबच्या दाराशी कुणी ना कुणी येऊन थांबतं. आत येत नाही. चपला बाहेर काढायच्या की नाही, इथपासून शंका असते. मग हळूच विचारतं, "सर, बीएवाल्यांना इथं बसू देतात का?"

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी संगणक लॅब सांभाळतो. या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच आहे. पण ते "हो" पदरात पडायला कुणाला विचारायचं, कधी विचारायचं आणि हातात काय घेऊन जायचं हे माहीत असावं लागतं. घरी लॅपटॉप नसलेल्या, सगळी बारावी फोनवरच काढलेल्या मुलामुलींसाठी ते इथं लिहून ठेवतो. अनुभव सरकारी आणि अनुदानित कॉलेजांचा आहे. विनाअनुदानित ठिकाणी फीचं गणित निराळं, पण बाकीचं बरंचसं तिथंही चालेल.

सुरुवातीलाच एक सांगतो. "विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आजच फॉर्म भरा" असा मेसेज दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यात कधी पंतप्रधानांचं नाव असतं, कधी एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं. अशी काही योजना नसल्याचा खुलासा करायची वेळ खुद्द एआयसीटीईवर आली आहे. त्या लिंकवर आधार क्रमांक भरू नका. खरी मदत असते तिला अटी असतात. 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेनं टॅब दिले ते इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, जेईई, नीट किंवा सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना. पहिल्या वर्षाच्या बीकॉमला त्यातून टॅब मिळणार नाही. त्यामुळे कॉलेजात आहे ते नीट वापरायला शिकू.

पायरी पहिली: पावती वाचा, मग वेबसाइट वाचा

फी भरल्यावर मिळालेली पावती घडी घालून पाकिटात ठेवायच्या आधी वाचा. शिक्षण शुल्काखाली बारीकसारीक रकमा असतात: ग्रंथालय, जिमखाना, वैद्यकीय तपासणी वगैरे. त्यांतच कुठं 'संगणक शुल्क', कुठं 'प्रयोगशाळा शुल्क', कुठं 'इंटरनेट' किंवा 'ई-सुविधा' अशी ओळ सापडते. नाव आणि रक्कम विद्यापीठागणिक बदलते. अशी ओळ असेल तर पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा. भांडण्यासाठी नव्हे. "मी इथं बसू का?" आणि "मला कोणती वेळ मिळेल?" या दोन प्रश्नांत फरक आहे, आणि पावती वाचलेलं मूल आपोआप दुसरा प्रश्न विचारतं. तुमची फी शिष्यवृत्तीतून येणार असेल तरीही संकोच नको. रजिस्टरमध्ये तुमचं नाव इतरांसारखंच आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. नॅक ही कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. तिचं मूल्यांकन झालेल्या प्रत्येक कॉलेजला दर वर्षी गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो आणि तो वेबसाइटवर असतो. 'आयक्यूएसी' किंवा 'एक्यूएआर' अशा नावाखाली शोधा. त्यातला चौथा निकष पायाभूत सुविधांचा आहे. विद्यार्थ्यांच्या वापरासाठी किती संगणक, एका संगणकामागं किती विद्यार्थी, इंटरनेटचा वेग किती, हे कॉलेजनं तिथं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असतं. आकडा पाहून हरखू नका. अहवालात नव्वद असले तर चालू किती, हे लॅबमध्ये मोजल्यावरच कळतं. यूपीएसची बॅटरी गेलेली, माऊस दुसऱ्या मशीनला लावलेला, असे पाच-दहा तरी निघतात.

पायरी दुसरी: संगणक कुठंकुठं दडलेत ते शोधा

नवी मुलं 'कॉम्प्युटर लॅब' असा बोर्ड शोधतात. तिथं बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या बॅचेस पाहून मागं फिरतात आणि विषय संपतो. पण तो कॉलेजचा एक कोपरा झाला.

ग्रंथालयात जा. पुस्तक शोधण्यासाठी ठेवलेला एक संगणक दारातच असतो. त्याच्या पलीकडं बऱ्याच कॉलेजांत 'नेटवर्क रिसोर्स सेंटर' नावाची खोली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) अनुदानातून एका काळी या खोल्या उभ्या राहिल्या. कुठं पाच मशीन, कुठं पंधरा. ही खोली कोणत्याही शाखेची मक्तेदारी नसते, आणि नेमकी तीच निम्मा दिवस रिकामी असते. ग्रंथपालांच्या टेबलावर नोंदवही असते, तिच्यात नाव आणि वेळ लिहायची आणि बसायचं.

इंग्रजी विभागाची लँग्वेज लॅब असते. हेडफोन लावलेली मशीन, आठवड्यातून दोन-तीन तास वापरात. वाणिज्य विभागाकडं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी काही संगणक असतात. भूगोलवाल्यांकडं नकाशांच्या कामासाठी दोन-चार बरी मशीन असतात. कित्येकदा सगळ्या कॉलेजात सगळ्यात नवीन तीच, कारण विभागप्रमुखांनी प्रकल्प लिहून आणलेली. स्पर्धा परीक्षा केंद्र असेल तर तिथं सराव चाचण्यांसाठी असतात. परीक्षा विभाग आणि कार्यालयातले मात्र विसरा. ते कुणालाच मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

विद्यापीठाच्या गावात असाल तर विद्यापीठाचं ग्रंथालयही बघून या. पुण्यात जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याला आत काय वापरता येईल हे तिथल्या काउंटरवर विचारा, आणि जाताना कॉलेजचं ओळखपत्र व ग्रंथपालांची चिठ्ठी घेऊन जा. चिठ्ठीशिवाय गेलेली मुलं हात हलवत परत आलेली मी पाहिली आहेत.

पायरी तिसरी: माणूस आणि वेळ

लॅबमध्ये तीन माणसं असतात. वेळापत्रक ठरवणारे विभागप्रमुख, मशीन सांभाळणारा माझ्यासारखा लॅब असिस्टंट आणि किल्ली ज्यांच्या खिशात असते ते शिपाईमामा. परवानगी पहिल्याकडून मिळते, चालू मशीन कोणतं हे दुसरा सांगतो आणि साडेचारला दार बंद होणार की पाचला, हे तिसरा ठरवतो. तिघांनाही नावानिशी ओळखा. मामांना जाताना "येतो मामा" म्हणणाऱ्या मुलांना पाच मिनिटं जास्त मिळतात. हे नियमात बसत नाही, पण असं होतं.

वेळेचं म्हणाल तर जुलैत या. ऑगस्टपासून प्रात्यक्षिकांच्या बॅचेस लागतात आणि परीक्षा जवळ आल्या की प्रकल्प छापायला सगळं कॉलेज एकदम येतं. त्या आठवड्यात मला स्वतःला बसायला खुर्ची नसते. जुलैत आलेलं मूल ओळखीचं होतं आणि गर्दीत ओळखीच्याला जागा निघते.

लॅबच्या दारावर बॅचेसचं वेळापत्रक लावलेलं असतं. त्याचा फोटो काढा, आपलं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि दोन्हींत मोकळे असलेले तास शोधा. त्यात एसटीचं वेळापत्रकही धरा. शेवटची गाडी सव्वापाचला असेल तर पाचपर्यंतची वेळ मागून उपयोग नाही, अर्धा तास फुकट जाईल. "सर, मंगळवारी आणि गुरुवारी साडेबारा ते दीड लॅब रिकामी दिसते, तेव्हा बसू का?" असं कुणी विचारलं की नाही म्हणायला मला कारणच उरत नाही. "कधी बसू?" असं विचारलंत तर मी "बघू" म्हणतो, आणि "बघू"चं पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तोंडी जमलं नाही तर अर्ज द्या. तो एवढाच हवा:

"प्रति, मा. प्राचार्य. विषय: संगणक वापरण्यास वेळ मिळण्याबाबत. महोदय, मी प्रथम वर्ष कला वर्गात शिकत आहे. माझ्याकडे घरी संगणक नाही. अभ्यासक्रमातील प्रकल्प, शिष्यवृत्ती अर्ज व टंकलेखनाच्या सरावासाठी मंगळवार व गुरुवार दुपारी १२.३० ते १.३० या वेळेत नेटवर्क रिसोर्स सेंटरमधील संगणक वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."

खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, तारीख, सही. दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. शिक्का मागायला लाजू नका. कार्यालयातल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. चार-पाच जणांनी मिळून एकच अर्ज केला तर आणखी बरं, पाच जणांसाठी लॅब उघडी ठेवायला मामाही कुरकुरत नाहीत.

पायरी चौथी: मशीनसमोर बसल्यावर

आधी रजिस्टर. नाव, मशीन क्रमांक, आत आल्याची वेळ. जाताना बाहेर पडल्याची वेळही लिहा. या रजिस्टरवरच पुढच्या वर्षी लॅबच्या वेळा ठरतात. पानं कोरी राहिली तर "कुणी येतच नाही" म्हणून खोलीला कुलूप लागतं. पाहिलं आहे मी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजच्या बऱ्याच मशीनवर 'डीप फ्रीझ'सारखं सॉफ्टवेअर असतं. त्यामुळे मशीन बंद करून चालू केलं की ते पुन्हा कोरं होतं. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल जाते, डाउनलोड केलेलं जातं, सगळं जातं. व्हायरसपासून मशीन वाचावं म्हणून आम्ही ते लावतो. पण एका मुलीचे सर्वेक्षणाचे बावीस तक्ते, दोन दिवसांची टायपिंग, लाइट गेल्याच्या एका झटक्यात पुसले गेले. यूपीएस होता, बॅटरी नव्हती. ती रडली नाही, नुसती पडद्याकडं बघत बसली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक मॉनिटरवर मी चिठ्ठी लावली आहे: 'इथं काही ठेवू नका.'

मग ठेवायचं कुठं? गूगल ड्राइव्हवर. फुकट खात्याला १५ जीबी मिळतात, आणि तीन वर्षांच्या असाइनमेंटना ते पुरून उरतात. शक्यतो गूगल डॉक्समध्येच टाइप करा, म्हणजे अक्षरागणिक साठवण होत जाते. नेट बंद असेल तर लिब्रेऑफिस किंवा वर्डमध्ये लिहा, दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबा आणि उठायच्या आधी फाइल स्वतःला मेल करा.

पेनड्राइव्ह चालतो, पण जपून. लॅबमधून नेलेला पेनड्राइव्ह सायबर कॅफेत उघडलात तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतील. घाबरून फॉरमॅट मारू नका. फाइली बहुतेक वेळा नुसत्या लपवलेल्या असतात, लॅब असिस्टंटला दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. काही कॉलेजांत यूएसबी बंदच केलेलं असतं. मग मुलं फोनमधली फाइल मशीनवर आणायला व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसंच उघडं टाकून निघून जातात. मागून येऊन बसणाऱ्याला तुमच्या घरच्या ग्रुपवरचं सगळं दिसतं. लॉगआउट करायचं विसरलात आणि बसमध्ये आठवलं, तर फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथून ते मशीन काढून टाका. गूगल खात्याचंही तसंच: खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' अशी यादी असते, तिथून साइन आउट करता येतं. त्याहून सोपं म्हणजे लॅबमध्ये नेहमी ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी (बंद केली की लॉगिन पुसून टाकणारी) उघडायची आणि 'पासवर्ड सेव्ह करू का?' या प्रश्नाला कधीही हो म्हणायचं नाही.

वायफायबद्दल थोडकंच. पासवर्ड देताना काही कॉलेजं फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, लिहून घेतात. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला खोटा, बदलता ॲड्रेस सांगतात. नोंदणी करूनही जोडलं जात नसेल तर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'रँडम'ऐवजी फोनचा मूळ मॅक निवडा. दर जुलैत निम्म्या तक्रारी याच असतात.

पायरी पाचवी: मराठी टायपिंग पहिल्या महिन्यातच

कला शाखेची मुलं हे पुढं ढकलतात आणि मग तिसऱ्या वर्षी प्रकल्पाच्या पानामागं पैसे मोजून बाहेरून टाइप करून घेतात. कित्येक दुकानांत अजून जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखं दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतात. ती फाइल कॉलेजच्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि एक वेलांटी दुरुस्त करायला पुन्हा दुकान गाठावं लागतं. बाहेरून करून घ्यायचंच असेल तर "युनिकोडमध्ये द्या आणि सोबत पीडीएफही द्या" असं आधीच सांगा.

स्वतः शिकायचं तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिका. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तो आधीच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदला. रचनेमागं सोपा विचार आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला. 'के'वर क, शिफ्ट धरून 'के' दाबलं की ख. 'आय'वर ग, शिफ्टनं घ. 'मराठी' हा शब्द लिहायचा तर 'सी'वर म, 'जे'वर र, 'ई'वर काना, शिफ्टसह अवतरणचिन्हाच्या कळीवर ठ आणि 'आर'वर दीर्घ वेलांटी. 'डी'वर पाय मोडायचं चिन्ह.

सगळ्यांचं घोडं अडतं ते 'दुसऱ्या'मधल्या ऱ्यावर. साधा र घेऊन पाय मोडलात तर 'दुसर्या' उमटतं आणि मराठीचे सर लाल रेघ मारतात. त्यासाठी शिफ्ट धरून 'जे' दाबा, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग 'डी', मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य, मग 'ई'. झालं. रोज वीस मिनिटं दिलीत तर महिन्याभरात नजर कळफलकावरून उठते. पुढं शासकीय नोकरीसाठी राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा द्यायची असेल तर तिथं कोणता कळफलक चालतो ते आधी विचारून घ्या.

फोनवर बोलून टाइप करता येतं, मग हे कशाला, असं मुलं विचारतात. पहिल्या खर्ड्यासाठी बोला, खुशाल बोला. पण पन्नास पानांचा प्रकल्प दुरुस्त करायला हातच लागतात.

पायरी सहावी: खाती स्वतःची, पासवर्ड स्वतःच्या वहीत

पहिल्या सत्रात तीन खाती लागतात: ईमेल, डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची जागा) आणि महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं राज्याचं पोर्टल). श्रेयांकांचं एबीसी खातं डिजिलॉकरमधूनच निघतं. त्याचा बारा अंकी क्रमांक कॉलेज मागतंच, कारण तुमचे क्रेडिट त्या क्रमांकावर जमा होतात. इथं आपल्याकडचा नेहमीचा घोळ होतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नाही. नावं जुळत नाहीत म्हणून खातं अडतं. प्रवेशाच्या वेळीच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आधारमधली दुरुस्ती करायची असेल तर ती जुलैत करा, परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी नको.

महाडीबीटीचा अर्ज सायबर कॅफेत भरणारे निम्मे विद्यार्थी स्वतःचा यूजर आयडी जाणत नाहीत. तो कॅफेवाल्या दादानं बनवलेला असतो, पासवर्ड त्याच्याच वहीत, कधी कधी मोबाइल क्रमांकही त्याचाच. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दुकान बंद झालेलं असतं. हा अर्ज लॅबमध्ये बसून स्वतः भरा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि फीची पावती आधी स्कॅन करून ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. फोननं काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, पोर्टलला त्याहून बराच लहान लागतो. लहान कसा करायचा हे लॅबमध्ये विचारा, आम्हाला तो प्रश्न रोजचा आहे. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा. तो बाबांकडं असेल आणि बाबा रानात असतील तर ओटीपीसाठी त्यांना फोन लावून ठेवा. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे आधी बँकेत विचारून या. नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात.

पायरी सातवी: कॉलेजनं विकत घेतलेलं वाचा

इथं मला खरंच वाईट वाटतं. कॉलेज दर वर्षी पैसे भरून एन-लिस्ट या ई-वाचनाच्या योजनेचं सभासदत्व घेतं आणि ते वापरणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. तिच्यातून ६,००० हून अधिक ई-नियतकालिकं आणि सुमारे २ लाख ई-पुस्तकं मिळतात. लॉगिन आयडी ग्रंथपाल देतात. तो मिळाल्यावर घरून, फोनवरूनही वाचता येतं, कॉलेजात यायची गरज नाही. ग्रंथपालांकडं जाऊन "एन-लिस्टचा आयडी हवा आहे" असं नाव घेऊन मागा. मागणारं कुणी आलं की बहुतेक ग्रंथपाल इतके खूश होतात की खुर्ची देतात.

सरकारी महाविद्यालयात असाल तर आणखी एक दार उघडलं आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांसाठी ती आहे. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालच सांगतील.

ज्याला आयडीच लागत नाही असंही पुष्कळ आहे. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शालेय पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सगळं आहे. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत, त्यांत मराठीतलेही भरपूर. प्रकल्पाचा विषय ठरवताना तिथं एकदा डोकवाच. उतरवून काढायला नाही हां. आपल्या विषयावर आधी कुणी काय केलंय ते कळायला.

संगणकच शिकायचा असेल तर मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'पासून सुरुवात करा. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, अनेकांचं निवेदन मराठीत आहे. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन, सी, असे पुष्कळ विषय. एका बाजूला व्हिडिओ लावायचा, थांबवायचा आणि दुसऱ्या बाजूला तसंच करून बघायचं. क्लासची फी भरायच्या आधी हे दोन आठवडे करून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. क्लासवाले माझ्यावर नाराज आहेत.

लॅब नसलेल्या दिवशी

पायथन शिकणाऱ्यांना गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच मिळतं. फोनवरही चालतं, फक्त अंगठ्यानं कोड लिहिणं म्हणजे शिक्षा आहे. त्यावर उपाय ओटीजीची (फोनला यूएसबी वस्तू जोडायची) एक छोटी पिन. तिनं साधा यूएसबी कीबोर्ड फोनला जोडता येतो, माऊसही. जुना कीबोर्ड कॉलेजच्या भंगारातून मिळत नाही, ते साहित्य निर्लेखनाच्या (वापरातून काढलेल्या वस्तूंच्या) नोंदीत असतं, मागू नका. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. वाणिज्यवाल्यांसाठी टॅलीची शैक्षणिक आवृत्ती फुकट आहे. तिच्यात महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात, पण व्हाउचर शिकायला तेवढं पुरतं. ते फोनवर चालत नाही, मैत्रिणीचा लॅपटॉप लागेल.

डोळ्यांनी कमी दिसत असेल किंवा दिसत नसेल तर

लॅबला 'एनव्हीडीए' टाकायला सांगा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठीही वाचतं. आवाज थोडा यंत्रासारखा वाटतो, पण कान सरावतात. ते पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं, म्हणजे कोणत्याही मशीनवर बसता येईल. थोडंफार दिसत असेल तर विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबा, पडदा मोठा होतो. हे मागणं उपकार म्हणून करू नका, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूनं आहे. लॅब वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, अशी अडचण असेल तर तळमजल्यावरच्या ग्रंथालयात एक मशीन द्या, असं लेखी मागा. आमच्याकडं तसंच केलं, एका दुपारचं काम होतं.

एवढं करूनही "नाही" ऐकावं लागलं तर

आधी कारण समजून घ्या. "मशीन बंद आहेत" असेल तर ते बहुतेक खरं असतं. "बीएवाल्यांसाठी नाही" असेल तर शिक्क्याच्या प्रतीसह प्राचार्यांना भेटा. बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात, कारण प्राचार्यांना नॅकच्या अहवालातला तो आकडा तुमच्याआधी आठवतो.

तरीही नाहीच झालं तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं लेखी तक्रार द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक महाविद्यालयात ती असायला हवी, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही हवा, आणि तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडं अपील करता येतं.

माहितीचा अधिकारही आहे. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांना तो लागू आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जन माहिती अधिकाऱ्यांना अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. 'मागील वर्षी संगणक शुल्कापोटी जमा झालेली रक्कम, त्यातून झालेला खर्च व चालू स्थितीतील संगणकांची संख्या' एवढं विचारलंत तरी पुरे. लॅब असिस्टंट म्हणून मी हे सांगावं का, असं माझे सहकारी विचारतील. पण गेल्या खेपेस अशाच एका अर्जानंतर आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या गेल्या. चार वर्षं मी स्वतः पाठवलेली मागणीपत्रं फाइलीत तशीच होती.

कॉलेज सोडताना

तिसऱ्या वर्षी परीक्षा झाली की ना-देय दाखल्यासाठी सही घ्यायला मुलं धावतपळत येतात. त्याआधी एक काम करा. कॉलेजनं स्वतःच्या नावाचा ईमेल दिला असेल तर तो पुढं बंद होतो, आणि त्यावर ठेवलेले प्रकल्प, प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं त्याच्यासोबत जातात. 'गूगल टेकआउट'मधून सगळं उतरवून घ्या किंवा फाइली आपल्या वैयक्तिक खात्यात हलवा. महाडीबीटी आणि एबीसीला जोडलेला ईमेल कॉलेजचा असेल तर तोही बदला. एन-लिस्टचा आयडीही तोवरच चालतो, तेव्हा जे लेख हवेत ते मेअखेरपर्यंत उतरवून ठेवा. लॅब मेमध्ये अकरा ते दोन उघडी असते. पंखे चालू असतात आणि गर्दी अजिबात नसते.